माळावरची वाडी

निगडी-आकुर्डीचे आखीव रस्ते आणि ओळीने उभी घरे पाहिली, की नवनगर विकास प्राधिकरण आठवते. ते १९७२ साली स्थापन झाले. पिंपरी-चिंचवडला कारखाने आधी आले, कामगाराच्या छपराचा विचार मागून. या दोन्हींची चिंता एकदमच वाहणारा एक मराठी माणूस त्याच्या साठ वर्षे आधी होऊन गेला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगावजवळच्या गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येईनात, म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला भावाच्या जोडीने सायकलींचे दुकान थाटले. पुढे कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली.

मग कारखान्याची जागाच गेली. नगरपालिकेला तिथे नवे उपनगर वसवायचे होते. दुसऱ्यांच्या घरांसाठी उठलेल्या या माणसाला औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ आणि दहा हजारांचे कर्ज दिले. साल १९१०. माळावर निवडुंग आणि साप. कामगार बायकामुलांसह आले, निवडुंग तोडला, झोपड्या घातल्या. हळूहळू घरे, शाळा, दवाखाना झाला. ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिके इथूनच घरोघरी गेली.

पुढे १९४७ सालापासून अमेरिकेत विल्यम लेव्हिटने बटाट्याच्या शेतांत सतरा हजारांवर एकसारखी घरे झपाट्याने उभी केली, पण काळ्या माणसाला त्यांत दार बंद होते. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. तुरुंग भोगून आलेल्यांवरही त्यांनी पहाऱ्याचा विश्वास टाकला. मात्र लेव्हिटची घरे राहणाऱ्यांच्या मालकीची झाली, वाडीतली कारखान्याची राहिली. कंपनीच्या वसाहतीत वाढलेल्यांना निवृत्तीनंतरची ती बांधाबांध ठाऊक असेल.

१९४८ साली गांधीहत्येनंतरच्या दंगलीत वाडीचा कारखाना जळाला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. तो पुन्हा उभा राहिलेला पाहून १९५६ साली ते गेले. कुंडल रोड स्टेशनाच्या पाटीवर आज किर्लोस्करवाडी असे नाव आहे.