एक चासी, अनेक गाड्या: सांगलीच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते वालचंद हिराचंद

सांगलीत 'वालचंद'ला नंबर लागला की घरी पेढे येतात. पण ते वालचंद हिराचंद कोण, असं विचारलं तर बरेच जण गडबडतात. कोणी कॉलेजचे संस्थापक म्हणतं. ते चूक आहे. कॉलेज १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी सुरू केलं आणि वालचंद यांचं नाव १९५५ मध्ये, ते गेल्यानंतर दिलं गेलं. वालचंद यांचं मोठं स्वप्न होतं भारतात मोटार बनवायचं.

आधी चासी समजून घेऊ

चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. दोन लांब पोलादी पट्ट्या, मध्ये आडव्या पट्ट्या, म्हणजे जमिनीवर आडवी ठेवलेली शिडीच. तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, पाटे आणि चाकं बसतात. वर हौदा लावला की ट्रक, सीट आणि छप्पर लावलं की बस. लांबी वाढवली, पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन लावलं की नवं व्हेरियंट. मोबाईलमध्ये प्रोसेसर तोच ठेवून रॅम आणि कॅमेरा बदलतात, तसंच.

फक्त एक अट असते. चासी ठरावीक वजनच पेलते. बॉडी जितकी जड, तितके प्रवासी कमी आणि इंधन जास्त. म्हणून शहरात सारखी थांबणारी बस हलकी करण्यासाठी कंपन्या आजही धडपडतात.

सोलापूरचा मुलगा, रेल्वेचा ठेकेदार

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार. आई लहानपणीच गेली. कॉलेज अर्धवट सुटलं आणि घरच्या धंद्यात मन रमेना. मग रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी ठेकेदारी सुरू केली. पहिलं काम मिळालं बार्शी लाइट रेल्वेचं.

या रेल्वेच्या नावातच 'लाइट' आहे. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, आणि एका ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. त्यामुळे हलके रूळ चालले आणि खर्च कमी झाला. हीच लाईन १९२७ मध्ये आपल्या मिरजेपर्यंत आली.

पुढे बोरघाटातल्या बोगद्यांची कामं आली. १९१९ मध्ये सिंधिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं, त्यामागेही वालचंद होते. ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो तो याच प्रवासामुळे.

मोटारीसाठी दहा वर्षं

१९३० च्या दशकात सर विश्वेश्वरय्या भारतात मोटार कारखाना काढण्याची योजना मांडत होते. वालचंद त्यात उतरले आणि १९३९ मध्ये बोलणी करायला अमेरिकेला गेले. पण इंग्रज सरकारने साथ दिली नाही. याच प्रवासात विमान उद्योगातले विल्यम पॉली भेटले आणि १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली, म्हणजे आजची एचएएल. पाठोपाठ १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. विमान झालं, जहाज झालं, मोटार मात्र मागेच राहिली.

शेवटी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली. क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघू लागल्या. पुढे फियाटही आली.

नाव तीन, गाडी एक

सुरुवातीला सुटे भाग बाहेरून पेट्यांमधून यायचे आणि इथे जोडले जायचे. प्रीमियरचे ट्रक डॉज, डी सोटो आणि फार्गो अशा तीन नावांनी विकले गेले. आत बरंचसं तेच, नाव आणि पुढची जाळी वेगळी. एकाच कंपनीचे फोन दोन ब्रँडने विकले जातात, तसं. याच चासींवर बॉडी बांधणारे कारागीर बसही बांधत.

तेव्हाच्या रस्त्यावर काय चाललं होतं ते बघा. १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली. तिची बॉडी लाकडी होती. ताफ्यात बेडफर्ड, शेव्हर्ले, फोर्ड, ॲल्बियन, लेलँड अशा दहा कंपन्यांच्या गाड्या होत्या. पुणे-महाबळेश्वर मार्गावर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या घाटात, मॉरिस चासीवरच्या 'नीलकमल' आणि 'गिर्यारोहिणी' या आरामगाड्या धावायच्या. दहा कंपन्या म्हणजे दहा प्रकारचे स्पेअर पार्ट. घरात दहा वेगळे चार्जर असल्यासारखं. आणि पार्ट परदेशातून यायचा असेल तर गाडी डेपोत उभी.

म्हणून फक्त जोडणी करून भागत नव्हतं, भाग इथेच बनायला हवे होते. त्यासाठी लागतात मशीन टूल्स आणि इंजिनाचं ज्ञान. सातारा रोडची कूपर इंजिनिअरिंग, जी डिझेल इंजिनं बनवायची, १९४० च्या दशकात वालचंद समूहाकडे होती. मोटारीची गोष्ट साताऱ्याला अशी जोडलेली आहे.

काय मिळालं, काय राहिलं

८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला वालचंद गेले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांच्याकडे इथे भाग बनवण्याची योजना आहे त्यांनीच थांबावं. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. स्पर्धा संपली आणि गिऱ्हाईक अडकलं. एका गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. फियाटवरून आलेली पद्मिनी फारशी न बदलता जवळपास २००० सालापर्यंत बनत राहिली. भाग इथे बनले, नवं डिझाईन मात्र फारसं झालं नाही.

पुढच्या वेळी मोबाईलच्या बॉक्सवर 'मेड इन इंडिया' दिसलं की दोन प्रश्न विचारा: यातले कोणते भाग इथे बनले, आणि डिझाईन कोणाचं? पहिल्या प्रश्नासाठी वालचंद यांनी अर्धं आयुष्य घातलं. दुसऱ्याचं उत्तर त्यांच्या नावाच्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांनी द्यायचं आहे.