खाणीचा भाव आणि दहा वर्षांचा हिशेब

नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरला, सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याच्या आसपास ज्यांची शेती आहे त्यांना एका हंगामाच्या पिकावरून शेताची किंमत करायला सांगा, ते हसतील. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, एखाद्या वर्षी ऊस इतका होतो की तोड मिळेपर्यंत तो उभ्या उभ्या वाळतो, कधी साखरेचा भावच बसतो. जमिनीचा सौदा करताना गावातला जाणता माणूस आठ-दहा वर्षांचे पीक आठवतो, चांगली आणि वाईट वर्षे एका मापात घालतो आणि मगच आकडा बोलतो. पण हाच माणूस खाण कंपनीचा शेअर घ्यायला निघाला की त्याची नजर गेल्या वर्षीच्या नफ्यावर खिळते. शेतावर वापरलेले शहाणपण तो दलालाच्या पायरीवर चपलांबरोबर काढून ठेवतो.

हे शहाणपण बाजारात आणण्याचा प्रयत्न ज्याने केला, तो बेंजामिन ग्रॅहम. वॉरेन बफे यांचे गुरू एवढीच त्याची ओळख आपल्याकडे उरली आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे.

ग्रॅहमचा जन्म ९ मे १८९४ चा, लंडनमधला. आडनाव तेव्हा ग्रोसबाउम. घराणे ज्यू, धंदा चिनी मातीच्या शोभेच्या वस्तूंचा. मूल वर्षाचे असताना कुटुंब न्यूयॉर्कला आले. १९०३ मध्ये वडील गेले आणि धंदा पाठोपाठ बसला. आईने खाणावळीसारखे भाडेकरू ठेवून पाहिले, तेही जमले नाही. मग तिने उरलेसुरले पैसे शेअरबाजारात घातले. युनायटेड स्टेट्स स्टील ही त्या काळची सर्वांत मोठी कंपनी; तिच्या पोटात लोहखनिजाच्या खाणीही होत्या. आईने तिचे शेअर थोडी रक्कम भरून, बाकीची दलालाकडून उसनी घेऊन धरले होते. १९०७ च्या घबराटीत भाव कोसळले आणि तिचे खाते साफ झाले. बँकेत तिचा लहानसा धनादेश वटवायला गेलेल्या मुलाने, एवढ्या रकमेला तरी ही बाई पुरी पडते का, असे कारकून आपसात विचारताना ऐकले. पुढे ग्रॅहमच्या लिखाणात उसन्या पैशाने शेअर घेण्याविषयी जी चीड दिसते, तिचे मूळ मला तरी या खिडकीपाशी दिसते.

मुलगा विलक्षण हुशार होता. १९१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून तो वर्गात दुसरा येऊन बाहेर पडला. इंग्रजी, गणित आणि तत्त्वज्ञान या तिन्ही विभागांनी त्याला अध्यापक म्हणून मागितले. ग्रीक आणि लॅटिन त्याला मनापासून आवडे. पण घरात पैसा हवा होता. तो वॉल स्ट्रीटवरच्या न्यूबर्गर, हेंडरसन अँड लोब या दलाल पेढीत आठवड्याला बारा डॉलरवर निरोप्या म्हणून लागला. फळ्यावर भाव लिहिता लिहिता त्याने कंपन्यांचे अहवाल वाचायला सुरुवात केली. त्या काळी ही वाचायची गोष्ट मानली जात नव्हती. बाजार चाले तो कुजबुजीवर.

त्याचा पहिला नाव घेण्याजोगा पराक्रम खाणींच्याच शेअरमध्ये झाला. गुगेनहाइम एक्स्प्लोरेशन या कंपनीकडे केनेकॉट, चिनो, रे कन्सॉलिडेटेड अशा तांब्याच्या कंपन्यांचे आणि अमेरिकन स्मेल्टिंगचे शेअर होते. १९१५ मध्ये ही कंपनी मोडून ते शेअर भागधारकांना वाटून टाकायचा बेत जाहीर झाला. गुगेनहाइमचा एक शेअर बाजारात ६८.८८ डॉलरला मिळत होता. त्याच्या वाट्याला येणाऱ्या साऱ्या शेअरांची किंमत होत होती ७६.२३ डॉलर. एकवीस वर्षांच्या ग्रॅहमने सुचवले की गुगेनहाइम घ्यावा आणि त्याच वेळी त्यातले तांबे-शेअर विकून ठेवावेत. मग तांबे चढो वा उतरो, मधला फरक आपला. १९१७ च्या आरंभी वाटणी झाली आणि हिशेब बरोबर ठरला. तांब्याचा उद्याचा भाव काय, या प्रश्नाला त्याने हातच घातला नव्हता. त्याच सुमारास, महायुद्धाच्या दिवसांत, जर्मन वाटणारे आडनाव टाकून कुटुंबाने ग्रॅहम हे नाव घेतले.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे चढतीची. पेढीत भागीदारी, मग स्वतःचा निधी, जेरोम न्यूमनची जोड. १९२६ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन सरकारी दप्तरातून त्याने शोधून काढले की नॉर्दर्न पाइपलाइन या तेलवाहतूक कंपनीकडे धंद्याला न लागणारे रोखे पडून आहेत. झगडून ते पैसे भागधारकांना वाटायला लावले. पण घरी १९२७ मध्ये नऊ वर्षांचा थोरला मुलगा आजाराने गेला. त्याचे नाव ठेवले होते आयझॅक न्यूटन.

मग १९२९. सप्टेंबरात डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वर होता, जुलै १९३२ मध्ये तो ४१ वर आला. एवढा सावध माणूस, पण निधीत उसना पैसा होता. अडीच दशलक्ष डॉलरच्या निधीतला जवळपास सत्तर टक्के भाग त्या तीन-चार वर्षांत गेला. आलिशान घर सोडावे लागले. करार असा होता की तोटा भरून निघेपर्यंत चालकांना मेहनताना नाही. लोकांचे नुकसान १९३५ च्या अखेरीस भरून निघाले, तोवर ग्रॅहम शिकवणी, लेखन आणि न्यायालयांत मूल्यांकनाच्या साक्षी यांवर निभावत होता.

या पडझडीतूनच १९३४ मध्ये, डेव्हिड डॉड या सहकाऱ्याबरोबर लिहिलेले ‘सिक्युरिटी अॅनालिसिस’ आले. जाडजूड ग्रंथ, सगळा वाचलेला माणूस क्वचित भेटतो. त्यातली आपल्या विषयाची गोष्ट अशी: एका वर्षाचा नफा म्हणजे कंपनीची कमाई नव्हे. किमान पाच, शक्य तर सात किंवा दहा वर्षांची सरासरी घ्या, म्हणजे त्यात तेजी आणि मंदी दोन्ही येतील, आणि त्या सरासरीच्या सोळापटीहून जास्त किंमत देणे ही गुंतवणूक समजू नका.

सगळ्या धंद्यांना हे लागू, पण खाणीला सर्वांत जास्त. कारण खाणवाला आपल्या मालाचा भाव ठरवत नाही, जग ठरवते. खर्च मात्र फारसा हलत नाही. भाव थोडा चढला की नफा दुप्पट-तिप्पट होतो. मग बाजारभावाला त्या फुगलेल्या नफ्याने भागले की शेअर स्वस्त दिसतो, तेजीच्या ऐन शिखरावर. मंदीत नफा आटतो, तोच भागाकार मोठा येतो आणि शेअर महाग दिसतो, नेमका घेण्यासारखा असतो तेव्हा.

आपल्या घरचे उदाहरण नागपूरच्या मॉयलचे. १८९६ च्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून तिची वंशावळ सुरू होते. भंडाऱ्यातले डोंगरी बुजुर्ग, नागपूरकडचे मनसर आणि कांद्री, मध्य प्रदेशातले बालाघाट या तिच्या मँगनीजच्या खाणी. २००८-०९ मध्ये मँगनीजच्या तेजीत कंपनीचा निव्वळ नफा साडेसहाशे कोटींच्या वर गेला. डिसेंबर २०१० मध्ये सरकारने तिचे शेअर ३७५ रुपयांनी बाजारात आणले तेव्हा पन्नास पटींहून अधिक मागणी आली. २०१५-१६ ला पोलादाची मंदी आली, नफा दोनशे कोटींच्या खाली उतरला आणि शेअरही विक्रीच्या किमतीखाली आला. खाणी त्याच, कामगार तेच, खनिजही तेच. २०१० मध्ये रांगेत उभ्या राहिलेल्यांपैकी किती जणांनी मागची दहा वर्षे मांडून पाहिली असतील?

मांडायला बसले की आणखी एक अडचण समोर येते, रुपयाची. ग्रॅहमने १९३४ मध्ये सरासरी सांगितली तेव्हा अमेरिकेत भाव उतरत आले होते, त्यामुळे डॉलर जुना की नवा हा प्रश्न त्याला तितका टोचत नव्हता. आपल्याला टोचायला हवा. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक २००८-०९ मध्ये सरासरी १४५ होता, २०१५-१६ मध्ये २६५. म्हणजे आधीचा रुपया नंतरच्या एक रुपया त्र्याऐंशी पैशांएवढा. तेव्हाचे साडेसहाशे कोटी नंतरच्या रुपयांत जवळजवळ बाराशे कोटी होतात. मॉयलचा नफा साडेसहाशेवरून घसरला असे म्हणण्यापेक्षा बाराशेवरून घसरला असे म्हटले तरच खोली कळते. दहा वर्षांची सरासरी काढताना प्रत्येक वर्षाचा नफा असा आजच्या रुपयांत आणून मग बेरीज केली पाहिजे. नाहीतर शेर आणि किलो एकाच तागडीत घातल्यासारखे होते. ही दुरुस्ती जॉन कॅम्बेल आणि रॉबर्ट शिलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये रूढ केली, आणि तीही मुख्यतः साऱ्या बाजारासाठी.

एका खाणीला ती जशीच्या तशी लावली तर मात्र फसगत होऊ शकते. महागाईची भर घातल्याने जुनी चांगली वर्षे आणखी मोठी दिसतात, सरासरी वर जाते आणि शेअर स्वस्त वाटू लागतो. ती वर्षे परत येणार असतील तर ठीक. पण ऊस तोडला की खोडवा फुटतो, खनिज काढले की खड्डा उरतो. दर टनागणिक कंपनी आपल्या भांडवलाचाच तुकडा विकत असते आणि खोल जावे तसा खर्च वाढतो. ग्रॅहमने हे पाहिले होते. खाणीच्या झिजेपोटी कंपनी पुस्तकात जो आकडा धरते त्यावर गुंतवणूकदाराने विसंबू नये. आपण स्वतः जी किंमत मोजली ती खनिज संपेपर्यंत परत यायला हवी असे धरून, तेवढी रक्कम दरवर्षी नफ्यातून आपल्या वहीत वजा करावी, असा त्याचा आग्रह होता. सरासरीपेक्षा ही वजाबाकी मला अधिक मोलाची वाटते, आणि तीच सर्वांत कमी लोक करतात.

ती न करण्याची किंमत गोव्याने पाहिली. चीनच्या मागणीने लोहखनिज चढत गेले, २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले, फेब्रुवारी २०११ मध्ये टनाचा भाव १९० डॉलरच्या आसपास होता. सेसा गोवाची मालकी २००७ मध्येच जपानच्या मित्सुईकडून वेदांतकडे गेली होती. शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. फेब्रुवारी २०१८ मध्ये अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे नूतनीकरणच रद्द झाले. मधल्या काळात, २०१५ च्या डिसेंबरात, भाव चाळीस डॉलरच्या खाली जाऊन आला होता. २०१२ पर्यंतची दहा वर्षांची सरासरी, महागाई लावून वा न लावता, कुणाच्याच उपयोगी पडली नाही. शेअरवाल्यांचे जाऊ द्या. डिचोली, सांगेकडच्या ज्या घरांनी तेजीच्या नफ्यावर हिशेब करून कर्जाने टिप्पर घेतले, त्यांच्या दारात ते उभे राहिले आणि हप्ते चालू राहिले. कर्जाच्या दिलाशासाठी सरकारला योजना आणावी लागली. त्यांनीही, शेअर न घेता, एका वर्षाच्या कमाईवर खाणीची किंमत केली होती.

चलनाच्या घसरत्या-चढत्या मोलाचा प्रश्न ग्रॅहमला पुढे चांगलाच लागला. १९३७ मध्ये त्याने ‘स्टोरेज अँड स्टेबिलिटी’ लिहिले: सोन्याऐवजी धान्य, कापूस, धातू अशा टिकाऊ मालाची एक टोपली सरकारने ठरल्या भावाने घ्यावी-द्यावी आणि चलन तिच्यावर उभे करावे. मंदीत माल कोठारात जाईल, तेजीत बाहेर येईल, शेतकरी आणि खाणवाला दोघेही बुडणार नाहीत. हायेकने १९४३ मध्ये या कल्पनेचे समर्थन केले. अमलात ती आली नाही. शेअरांवरच्या पुस्तकांपेक्षा याच विचारासाठी आपली आठवण राहावी असे ग्रॅहमला वाटे. तसे घडले नाही.

१९४८ मध्ये त्याच्या निधीने गायको या विमा कंपनीचा निम्मा हिस्सा घेतला. त्याच्या स्वतःच्या कडक नियमांत तो जेमतेम बसत होता, आणि बाकीच्या साऱ्या सौद्यांहून जास्त पैसा त्यानेच दिला; हा विनोद ग्रॅहमला कळत होता. १९४९ मध्ये सामान्य माणसासाठी ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ आले. पुढच्याच वर्षी नेब्रास्काहून बफे कोलंबियात आला आणि पुढे त्याच्या वर्गात बसला. १९५४ मध्ये आणखी एका मुलाने फ्रान्समध्ये आत्महत्या केली. तीन लग्ने झाली, मन कुठे फार रमले नाही. १९५६ मध्ये निधी बंद करून तो कॅलिफोर्नियाला गेला, तिथल्या विद्यापीठात शिकवू लागला आणि उतारवयात स्पॅनिश शिकून मारिओ बेनेदेत्ती या उरुग्वेच्या लेखकाची कादंबरी त्याने इंग्रजीत आणली.

१९७३ च्या शेवटच्या आवृत्तीतही महागाईवर एक वेगळे प्रकरण आहे. किमतीची मर्यादा तिथे दुहेरी आहे: मागच्या सात वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पंचविसापट, आणि शेवटच्या बारा महिन्यांच्या नफ्याच्या विसापट, यांपलीकडे जाऊ नये. मृत्यूच्या वर्षी तर त्याने, एकेका कंपनीचे बारकाईने विच्छेदन करण्यावर आपला पूर्वीइतका भरवसा उरला नाही, असे सांगून टाकले. स्वस्ताईच्या एक-दोन साध्या कसोट्या लावून पुष्कळ शेअर एकत्र घ्यावेत, एवढ्यावर तो आला होता. ज्या कसबाला त्यानेच जन्म दिला त्याविषयीचे हे म्हणणे त्याच्या शिष्यांनाही रुचले नाही. २१ सप्टेंबर १९७६ रोजी फ्रान्समधल्या एक्स-आन-प्रोव्हान्स इथे, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्याचे निधन झाले.