काळ्या मातीचा इंग्रज विद्यार्थी

महागाव, पुसद, उमरखेड हा सारा मुलूख काळ्या मातीचा. श्रावणात आठ-दहा दिवसांची झड लागली की शेतात पाणी साचते आणि काल-परवापर्यंत हिरवेगार दिसणारे सोयाबीन पिवळे पडू लागते. पऱ्हाटी मान टाकते. शेतकऱ्याच्या काळजात धस्स होते. माती उपाशी पडली असे समजून तो कृषी केंद्राकडे धावतो, उधारीवर युरियाची बॅग आणतो आणि चिखलातच फेकतो. कधी पीक सावरते, कधी सावरत नाही. उधारी मात्र दुकानदाराच्या वहीत राहते. पण पान पिवळे पडले म्हणजे माती उपाशीच आहे, असे नेहमी असते काय?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका इंग्रज शास्त्रज्ञाने विचारला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता तो आपल्याच मातीचा विद्यार्थी झाला. सर अल्बर्ट हॉवर्ड हे त्यांचे नाव. जगात आज जिला सेंद्रिय शेती म्हणतात, तिच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. त्यांच्या कामाचा कळस झाला तो मात्र विलायतेत नव्हे, होळकरांच्या इंदुरात. आणि त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा होता.

मुळांकडे पाहणारा माणूस

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ सालचा, इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील एका शेतकरी कुटुंबातला. लंडन आणि केंब्रिज येथे शिक्षण झाल्यावर १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोसला गेले. उसावरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास हे त्यांचे काम. प्रयोगशाळेत बसून रोगाची नावे सांगायची, पण स्वतःच्या शेतात उपाय करून पाहायचा नाही, ही गोष्ट त्यांना तेव्हापासूनच खटकू लागली.

१९०३ साली ते इंग्लंडमधील वाय येथील कृषी महाविद्यालयात आले. तेथे त्यांच्याकडे हॉप्सच्या वेलाचे काम होते. बिअरला कडवटपणा देणारा हा वेल म्हणजे आपल्या भांगेचा कुळबंधू; दोघांतही नर आणि मादी झाडे वेगळी. मळेवाले नर वेल उपटून टाकीत. काही नर वेल मळ्यात राहू द्यावेत, त्याने मादी फुले जोमाने वाढतात, असे हॉवर्ड यांनी दाखवून दिले. झाडाला त्याच्या स्वभावाप्रमाणे वाढू द्यावे, हा धडा त्यांनी येथे गिरवला.

१९०५ मध्ये ते हिंदुस्थानात आले ते बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत. आपले पुसद नव्हे, पुसा! त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मथाई यांच्याशी झाला. गॅब्रिएल या स्वतः केंब्रिजच्या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पुढची पंचवीस वर्षे या दांपत्याने खांद्याला खांदा लावून काम केले. त्यांनी निवडलेले पुसा ४ आणि पुसा १२ हे गव्हाचे वाण देशभर गाजले.

पुसाला आल्यावर हॉवर्ड यांनी एक निराळीच गोष्ट केली. आसपासच्या शेतकऱ्यांची शेते ते बारकाईने पाहू लागले. औषधाचा थेंब न वापरता ही पिके निरोगी कशी राहतात, याचे त्यांना नवल वाटे. शेतकरी आणि कीड हेच आपले खरे प्राध्यापक, असे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

त्यांच्या दृष्टीचा कस लागला तो निळीच्या पिकात. बिहारमधील मळ्यांत जावा जातीची नीळ पावसाळ्यात अचानक सुकू लागली. काही रसायनतज्ज्ञांनी मातीत स्फुरद कमी असल्याचे निदान केले. हॉवर्ड दांपत्याने पानांऐवजी मुळे पाहिली. झाडे उपटली तर बारीक मुळ्या तुटतात, म्हणून ती पाण्याने माती धुऊन मोकळी केली. तेव्हा दिसले ते असे, की साचलेल्या पाण्याने मातीतली हवा कोंडली होती आणि बारीक मुळ्या गुदमरून मेल्या होत्या. ताटात अन्न होते, पण घास घेणारे तोंडच उरले नव्हते. अशा झाडाला आणखी खत वाढून काय उपयोग? त्याला हवा होता पाण्याचा निचरा. पिवळ्या पानाचे मूळ मुळाशी असते, हे त्यांनी असे सप्रमाण मांडले.

इंदूरचा उकिरडा

पुसाच्या संस्थेत प्रत्येक शास्त्राला वेगळा विभाग आणि प्रत्येक विभागाला वेगळी भिंत. हॉवर्ड यांना हे रुचेना. बीज, माती, बैल, खत या सगळ्यांचा एकत्र विचार करता येईल अशी जागा त्यांना हवी होती. ती १९२४ मध्ये इंदूरला मिळाली. होळकर दरबाराने जमीन दिली, मध्यवर्ती कापूस समितीने आणि संस्थानांनी पैसा उभा केला. येथे पीक होते कापसाचे आणि माती होती काळी, म्हणजे थेट आपल्या यवतमाळसारखीच.

या कामात त्यांना साथ मिळाली यशवंत वाड या रसायनतज्ज्ञाची. शेतात दरवर्षी पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटे, पालापाचोळा निघतो. काही चुलीत जाते, काही बांधावर जळते. हे सारे पुन्हा मातीत कसे घालायचे? चीनमधील शेतकऱ्यांची खताची जुनी रीत, आपल्याकडचा उकिरडा आणि आधुनिक रसायनशास्त्र यांची सांगड घालून दोघांनी एक पद्धत बसवली. तीच जगप्रसिद्ध इंदूर पद्धत. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, दोन-तीन फूट खोल असा खड्डा. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, गोठ्यातील गोमूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख. पाणी बेताचे, हवा भरपूर. तीन वेळा खालीवर केले की तीन महिन्यांत खत तयार. पऱ्हाट्या कठीण, त्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चेचून घ्यायच्या. एका पैशाचे यंत्र नको.

राख कशाला, असा प्रश्न पडेल. कचरा कुजताना आंबटपणा वाढतो आणि कुजवणारे जिवाणू मंदावतात. राख तो आंबटपणा मोडते. आंबट-खारेपणाचे हे माप म्हणजे सामू. ते १९०९ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी शोधले. सात म्हणजे समतोल, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. एकेक आकडा दहापटीचा, म्हणजे आठ सामूची माती सातपेक्षा दहापट विम्ल.

आपल्याकडे चुनखडीयुक्त काळ्या मातीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो. अशा मातीत लोह आणि जस्त असूनही मुळांना मिळत नाही. घातलेले स्फुरदही चुन्याशी जखडून बसते. पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, ही त्याची खूण. चांगले कुजलेले खत येथे दुहेरी काम करते. त्यातील आम्ले कुलूपबंद अन्न थोडेथोडे मोकळे करतात आणि चिकण मातीत हवा खेळू लागते. कोकणातील आम्ल मातीला चुना मानवतो, म्हणून आपणही चुना किंवा चुलीतली राख शेतात भसाभस ओतावी, हे मात्र चुकीचे. खताच्या खड्ड्यातली चिमूटभर राख वेगळी आणि आधीच विम्ल असलेल्या शेतातली राख वेगळी.

गुरूचीही मर्यादा

१९३० साली गॅब्रिएल यांचे निधन झाले आणि हॉवर्ड यांचे मन येथून उडाले. १९३१ मध्ये ते मायदेशी परतले. त्याच वर्षी हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने शेतीतील टाकाऊ पदार्थांवरचा ग्रंथ निघाला. सरकारने १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी दिली. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी इंदूरच्या संस्थेला भेट देऊन ही पद्धत पाहिली आणि हरिजनमधून ती गावोगाव नेली.

१९४० मध्ये त्यांचा सर्वात गाजलेला ग्रंथ, अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट, प्रसिद्ध झाला. उतारवयात मात्र त्यांची भूमिका कडवी होत गेली. रासायनिक खत म्हणजे सरसकट अनिष्ट आणि कंपोस्ट म्हणजे सर्व रोगांवर उतारा, असे ते मांडू लागले. पुराव्याच्या पुढे जाऊन केलेली ही विधाने शास्त्रज्ञांना पटली नाहीत. ज्या मातीत जस्तच कमी आहे, तिथल्या काडीकचऱ्याच्या खतातही जस्त कमीच येणार. ते वरूनच द्यावे लागते. म्हणून माती परीक्षण करून, सामू आणि उणीव कागदावर पाहून मगच खिशात हात घालावा, हे शहाणपण हॉवर्ड यांच्या शिकवणीला पूरकच आहे. १९४७ च्या ऑक्टोबरात, हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर दोनच महिन्यांनी, त्यांचे निधन झाले.

पुसदचे नाडेप काका

इंदूरचा धागा पुढे आपल्या जिल्ह्यानेच उचलला, ही अभिमानाची गोष्ट. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजेच नाडेप काका, यांनी जमिनीवर जाळीदार विटांची टाकी बांधून खत करण्याची रीत घालून दिली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाकी. भिंतीतील भोकांतून हवा खेळते, म्हणून खालीवर करण्याचे कष्ट वाचतात. सुमारे शंभर किलो शेणात, काडीकचरा आणि माती यांच्या थरांतून तीन-चार महिन्यांत टाकीभर खत मिळते. ज्याच्या दारी एकच गाय आहे, त्यालाही हे जमण्याजोगे.

गोठे रिकामे होत असताना आणि बॅगेची किंमत चढत असताना या दोन माणसांची आठवण ठेवणे हा नुसता इतिहासाचा भाग नाही. पुढच्या झडीत पीक पिवळे दिसले तर दुकानाची वाट धरण्याआधी एक झाड फावड्याने मातीसकट अलगद काढावे, मूळ धुऊन पाहावे. ते तपकिरी आणि कुजके असेल तर आधी चर काढावा. पांढरे आणि निरोगी असेल, तर मातीची चिमूट परीक्षणाला द्यावी. यात खर्च होतो तो अर्ध्या तासाचा. वाचते ती कदाचित वर्षभराची उधारी.