खाणीतला वायू आणि हृदय: डॉ. जॉन स्कॉट हाल्डेन यांची गोष्ट

तुम्ही करडी परिसरात राहत असाल, तर तुमच्या घरातले किंवा शेजारचे कोणी तुमसर तालुक्यातल्या चिखला किंवा डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीज खाणीत कामाला असण्याची शक्यता आहे. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, तर चिखल्याला जमिनीखाली उतरावे लागते. सुरुंग उडाला की धुळीबरोबर कार्बन मोनॉक्साईड आणि नायट्रोजनचे ऑक्साईड हे वायूही तयार होतात. उघड्यावर ते लवकर विरतात, पण बोगद्यात साचून राहू शकतात. त्यांतला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. हा वायू माणसाच्या शरीरात नेमके काय करतो, हे आपल्याला मुख्यतः एका स्कॉटिश डॉक्टरमुळे कळले.

जॉन स्कॉट हाल्डेन यांचा जन्म १८६० साली एडिनबरोमध्ये झाला. १८८४ मध्ये ते डॉक्टर झाले, पण दवाखाना थाटण्यात त्यांना रस नव्हता. आधी डंडी शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या कोंदट हवेचा त्यांनी अभ्यास केला. पुढे ते ऑक्सफर्डला गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

त्या काळी कोळसा खाणीत स्फोट झाला की माणसे स्फोटाच्या दणक्याने आणि भाजून मेली असे धरले जाई. जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाऊनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार गेले. हाल्डेन तिथे पोहोचले आणि त्यांनी मृतदेह तपासले, रक्ताचे नमुने घेतले. अनेक मृतदेहांची त्वचा विचित्र गुलाबी होती. बहुतेकांचा जीव स्फोटाने गेलाच नव्हता. ते त्यातून वाचले होते, पण मागे राहिलेल्या कार्बन मोनॉक्साईडने त्यांना गाठले. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या अहवालाने खाणीतल्या बचावकार्याचा विचारच बदलला. (हा गुलाबी रंग बहुधा मृत्यूनंतरच दिसतो. तुमच्या रुग्णाची त्वचा गुलाबी होईल म्हणून वाट पाहू नका.)

याआधीच, १८९५ साली, हा वायू त्यांनी स्वतःवर तपासला होता. रक्तातले अर्ध्याहून अधिक हिमोग्लोबिन वायूने व्यापेपर्यंत ते तो हुंगत राहिले. डोके दुखू लागले, दम लागला, छाती धडधडू लागली. आज कुठलीही नैतिकता समिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या धडधडीत तुमच्या-आमच्या कामाची गोष्ट आहे, म्हणून ती नीट समजून घ्या.

हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. कार्बन मोनॉक्साईड त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. शिवाय उरलेला ऑक्सिजनही मग रक्तातून सहज सुटत नाही. हाता-पायांचे स्नायू अशा वेळी रक्तातून थोडा जास्त ऑक्सिजन ओढून घेऊ शकतात. हृदयाला ती सोय नाही, कारण आपल्याकडे आलेल्या रक्तातला बहुतेक ऑक्सिजन ते विश्रांतीतही वापरून टाकते. त्याला जास्त रक्तच हवे असते. रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या असतील तर ते मिळत नाही आणि छातीत दुखते. म्हणून एकाच पाळीत, एकाच हवेत काम करणाऱ्या दोघांपैकी तरण्याचे फक्त डोके दुखते आणि पन्नाशीतल्या, विडी ओढणाऱ्याला झटका येऊ शकतो. विडीच्या धुरातूनही हाच वायू रक्तात जातो.

लहान प्राण्यांचा श्वास आणि रक्ताभिसरण जलद असल्याने ते माणसाआधी कोसळतात, हेही हाल्डेन यांनी दाखवले. त्यांनी खाणीत उंदीर किंवा छोटे पक्षी न्यायला सुचवले. मग कॅनरी पक्षी रूढ झाला, कारण दांडीवरून पडलेला पक्षी लगेच दिसतो. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ साली निवृत्त झाले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना कॉर्नवॉलच्या डॉल्कोथ खाणीत बोलावण्यात आले. तिथले कामगार फिके पडत होते, चढताना धापा टाकत होते. सगळ्यांचा संशय खराब हवेवर होता. हाल्डेन यांनी रक्त तपासले, तर दोष हवेचा नव्हता. आतड्यातल्या अंकुशकृमींनी रक्तक्षय झाला होता. मला त्यांच्या आयुष्यातला हा प्रसंग सगळ्यात आवडतो. हवेवर आयुष्य घालवलेल्या माणसाने हवेला निर्दोष ठरवले. खाणकामगाराला दम लागतो म्हणजे वायूच किंवा धूळच, असे आपणही धरून चालू नये. हिमोग्लोबिनची साधी तपासणी आधी करून घ्यावी.

मात्र उलट चूक जास्त घडते. पाळीहून आलेला माणूस डोके दुखते, मळमळते, छाती जड वाटते म्हणतो आणि घरचे त्याला पित्ताची गोळी देतात. असे झाले तर त्याला चालवत नेऊ नका, वाहनाने रुग्णालयात न्या. तो खाणीत काय करतो आणि सुरुंग कधी उडाला होता, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनयुक्त वाटते आणि आकडा ९८ दिसू शकतो. रक्ताची वेगळी तपासणी आणि ईसीजी लागतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. नायट्रोजनच्या ऑक्साईडने फुप्फुसात पाणी भरायला मात्र काही तास उशीर होऊ शकतो. त्यामुळे सुरुंगाचा धूर छातीत गेला असेल, तर बरे वाटले म्हणून रात्री घरी परतण्याची घाई करू नका.

१९१५ मध्ये यप्रच्या रणभूमीवर वापरलेला वायू क्लोरीन आहे, हे ओळखण्यातही हाल्डेन होते. म्हातारपणीही ते इराण-इराकला जाऊन तेलशुद्धीकरण कारखान्यांतल्या उष्माघाताचा अभ्यास करून आले आणि परतल्यावर मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डला न्यूमोनियाने गेले. लहानपणी त्यांच्याबरोबर खाणीत उतरलेला त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. त्याने आपला देह वैद्यकीय शिक्षणासाठी दिला होता.