सुश्रुत

सुश्रुत हे प्राचीन भारतातील शल्यचिकित्सक व आयुर्वेदाचार्य होते. शल्यतंत्राचा प्रमाणग्रंथ मानली जाणारी 'सुश्रुतसंहिता' त्यांच्या नावाने ओळखली जाते. कापलेले नाक पुन्हा घडवणे, मोतीबिंदू आणि मूतखडा यांवरील शस्त्रक्रियांसाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत. मूत्रमार्गाला होणारी इजा, त्यातील अडथळा आणि अरुंद झालेला मार्ग पुन्हा मोकळा करण्याचे उपाय यांविषयी त्यांनी केलेले विवेचन त्यामानाने कमी परिचित आहे.

जीवन

सुश्रुतांच्या आयुष्याविषयीची माहिती मुख्यतः संहितेतूनच मिळते. परंपरेनुसार ते विश्वामित्रांचे पुत्र होते. काशीचा राजा दिवोदास, ज्यास धन्वंतरीचा अवतार मानले जाते, वानप्रस्थाश्रमात राहत असताना औपधेनव, वैतरण, औरभ्र, पौष्कलावत, करवीर्य, गोपुररक्षित आदी सहाध्यायांसह सुश्रुत त्याच्याकडे गेले. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी शल्यतंत्र प्रधान मानून ते शिकवावे, अशी विनंती या शिष्यांनी केली. सर्वांच्या वतीने प्रश्न विचारण्याचे काम सुश्रुतांकडे सोपवण्यात आले. त्यामुळे संपूर्ण ग्रंथ गुरूने सुश्रुतांना केलेल्या उपदेशाच्या रूपात आहे.

सुश्रुतांच्या काळाबद्दल मतभेद आहेत. भारतीय लेखनात बहुधा इ.स.पू. ६०० च्या सुमाराचा काळ दिला जातो. उपलब्ध संहिता मात्र अनेक शतकांत घडत गेली असून तिचे आजचे रूप इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील आहे, असे बरेच अभ्यासक मानतात. बाराव्या शतकातील टीकाकार डल्हण याने नागार्जुनास संहितेचा प्रतिसंस्कर्ता म्हटले आहे.

ग्रंथ व अध्यापनपद्धती

सूत्र, निदान, शारीर, चिकित्सा व कल्प या पाच स्थानांत १२० आणि उत्तरतंत्रात ६६ असे एकूण १८६ अध्याय संहितेत आहेत. तीत १०१ यंत्रे व २० शस्त्रे सांगितली असून वैद्याचा हात हे सर्वांत प्रधान यंत्र मानले आहे. केवळ शास्त्र पाठ असलेला वैद्य शस्त्रकर्मास अपात्र, असे सुश्रुतांचे मत होते. रुग्णावर शस्त्र चालवण्यापूर्वी शिष्याने छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर, वेधनाचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, तर शिवण्याचा सराव कापडाच्या व मऊ कातड्याच्या कडांवर करावा, असे त्यांनी सांगितले. शरीररचना कळण्यासाठी मृतदेह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवावा आणि नंतर कुंचीने थर खरवडीत एकेक अवयव डोळ्यांनी पाहावा, अशी त्यांची पद्धत होती.

मूत्रमार्गाची शल्यचिकित्सा

चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात मूतखड्याची शस्त्रक्रिया येते. तुपाने माखलेली बोटे गुदद्वारातून घालून खडा खाली आणावा आणि गुदद्वार व वृषण यांच्यामधील शिवणीपासून एक यव अंतर सोडून डाव्या बाजूस छेद घ्यावा, असा तिचा क्रम आहे. औषधांनी गुण आला नाही तरच हा मार्ग धरावा. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संशयास्पद, म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच ती करावी, असा त्यांचा दंडक होता.

या वेळी जपावयाची आठ स्थाने त्यांनी सांगितली आहेत. त्यांपैकी कोणत्या स्थानी इजा झाली असता काय होते, याची नोंदही केली आहे. शुक्रवाहिनी कापली गेल्यास मृत्यू किंवा नपुंसकत्व येते, तर मूत्रप्रसेकास, म्हणजे मूत्र बाहेर नेणाऱ्या भागास, जखम झाल्यास मूत्र गळत राहते. रोगाने होणारी हानी आणि वैद्याच्या हातून होणारी हानी यांत त्यांनी असा स्पष्ट भेद केला. शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांत मूत्र स्वतःच्या मार्गाने येऊ लागले नाही, तर जखमेस अग्निकर्म करावे, असेही त्यांनी सांगितले आहे.

मार्ग अरुंद होण्याचा विचार 'निरुद्धप्रकश' या विकारात येतो. काही लेखक त्यास मूत्रमार्गाचे आकुंचन समजतात. परंतु संहितेतील वर्णन लिंगाची अग्रत्वचा घट्ट होऊन मूत्राची वाट अडवते अशा स्थितीशी अधिक जुळते. उपाय म्हणून दोन्ही टोकांना उघडी असलेली लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तूप लावून आत घालावी आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरावी, असे सांगितले आहे. तेवढ्याने न भागल्यास शिवण टाळून छेद घ्यावा आणि ताज्या जखमेप्रमाणे उपचार करावेत. मूत्रमार्ग साफ करण्यासाठी मालतीच्या फुलाच्या देठाच्या टोकाएवढी गोल शलाकाही यंत्रांच्या यादीत आहे.

क्रमाने जाड होत जाणाऱ्या सळया घालून आकसलेला मूत्रमार्ग रुंदावणे हा उपचार आधुनिक काळातही चालत आला. मात्र अपघातात कटीरास्थी मोडल्याने किंवा दोन पायांमधील भागावर आपटल्याने मूत्रमार्ग फाटतो, तेव्हा भरून येणारा वण कठीण असतो आणि रुंदावलेली वाट बहुधा पुन्हा आकसते. अशा वेळी वण कापून निरोगी टोके जोडतात. अरुंद भाग लांब असल्यास गालाच्या आतील अस्तर लावून मार्ग घडवतात. ही विसाव्या शतकात विकसित झालेली शस्त्रक्रिया असून तिचे श्रेय सुश्रुतांना देता येत नाही.

नासासंधान व पुण्यातील घटना

शरीराच्या एका भागातील त्वचा दुसऱ्या भागाच्या दुरुस्तीसाठी वापरण्याचे तत्त्व मात्र संहितेत स्पष्ट आहे. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कापलेल्या नाकाच्या मापाचे पान घेऊन तेवढी त्वचा गालावरून उचलावी, तिचा एक भाग जोडलेला ठेवावा व ती नाकाच्या जागी बसवावी, असे सांगितले आहे. नवी वाट बुजू नये म्हणून नाकपुड्यांत दोन नळ्या ठेवाव्यात, अशी सूचनाही तेथे आहे.

या कौशल्याचा एक प्रसिद्ध पुरावा पुण्याचा आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठी माणसाचे नाक व एक हात कापण्यात आला होता. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याच्या कपाळावरील त्वचेचे नाक घडवले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हा वृत्तांत चित्रासह प्रसिद्ध झाला. त्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे अशी शस्त्रक्रिया केली. संहितेत गालाची, तर पुण्यात कपाळाची त्वचा वापरलेली दिसते. ग्रंथातील विद्या पंडितांकडे राहिली असताना हाताची विद्या कारागिरांच्या घराण्यांत टिकून होती, हे या घटनेवरून दिसून येते.

ग्रंथाचा प्रसार

अब्बासी खलिफांच्या काळात बगदाद येथे संहितेचे अरबी भाषांतर झाले. मधुसूदन गुप्त यांनी संपादिलेली मुद्रित आवृत्ती १८३५ पासून कोलकात्यात प्रसिद्ध झाली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने डल्हणाच्या टीकेसह काढलेली व यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली आवृत्ती अभ्यासकांमध्ये प्रमाण मानली जाते.