मोडीत निघालेल्या काळाचा राखणदार

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी, प्रसिद्ध आहे. चांदी आटवणे, तार ओढणे, कड्या जोडणे, घुंगरू बसवणे आणि अखेरीस झिलई देणे या कामांत तेथील घरेच्या घरे पिढ्यान् पिढ्या गुंतलेली आहेत. या व्यवसायाची रीत जगभरच्या धातुकामासारखीच आहे. जुना दागिना मोडीत निघतो, मुशीत वितळतो आणि नव्या घडणीचा होऊन बाहेर पडतो. आजीच्या वजनदार तोड्यांतून नातीची नाजूक पैंजणे तयार होतात. चांदी तीच राहते; मात्र जुन्या तोड्यांची घडण आणि ती घडवणाऱ्याच्या हाताची खूण कायमची नाहीशी होते. यात कारागिराचा दोष नाही. धातूचा धंदा असाच चालत आला आहे. मुशीपर्यंत पोहोचण्याआधी एखादी वस्तू बाजूला काढून ठेवायची, तर त्यासाठी वेगळ्याच वेडाचा माणूस लागतो. विसाव्या शतकात असा एक माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर हे त्यांचे नाव.

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. पुढे ‘काकासाहेब’ या नावाने ते सर्वत्र ओळखले जाऊ लागले. चरितार्थासाठी चष्म्यांचे दुकान आणि मनाच्या ओढीसाठी कविता, अशी त्यांच्या तरुणपणाची विभागणी होती. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते काव्यलेखन करीत. इतिहास हा त्यांच्या कवितेचा आवडता प्रांत होता. गतकाळाबद्दल लिहिणाऱ्या या कवीला तो काळ केवळ शब्दांत भेटून पुरेसे वाटेना. ज्या हातांनी इतिहास घडवला, त्यांनी रोज हाताळलेल्या वस्तू पाहाव्यात, जमल्यास मिळवाव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले. १९२० च्या सुमारास त्यांनी पुण्यातील जुन्या सरदार घराण्यांकडून वस्तू गोळा करण्यास प्रारंभ केला. पुढची जवळजवळ सत्तर वर्षे हा छंद त्यांना सुटला नाही.

तो काळही अशा छंदाला साथ देणारा होता, जरी ती साथ दुःखद होती. पेशवाई बुडून शतक उलटले होते. जुन्या घराण्यांचे वैभव ओसरले होते, आणि मोठ्या वाड्यांची डागडुजी करणेही अनेकांना परवडत नव्हते. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी, समया, लामणदिवे हे अडचणीच्या वेळी रोख पैसे देणारे साधन होते. त्यांची किंमत ठरे ती तराजूत. पुढे विजेचे दिवे आले आणि समया देवघरापुरत्या उरल्या. स्टेनलेस स्टील आले आणि कल्हई लावण्याच्या कटकटीतून सुटलेल्या गृहिणींनी पितळी भांडी मोडीत घालून नवी भांडी घेतली. हा बदल त्यांच्या कष्टांना उतार देणारा होता, म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्या एका पिढीत शेकडो वर्षांची घडण भट्टीत गेली, हेही तितकेच खरे.

केळकरांचे मोठेपण त्यांच्या निवडीत आहे. राजेमहाराजांची रत्ने किंवा नामवंत चित्रकारांची चित्रे जमवणारे धनिक जगात पुष्कळ झाले. केळकरांची नजर स्वयंपाकघराकडे, माजघराकडे आणि ओसरीकडे वळली. मोर, पोपट आणि मानवी आकृतींचे अडकित्ते, पानाचे डबे, चुनाळी, कुंकवाचे करंडे, पाय घासण्याच्या वज्री, फण्या, दौती, हुक्के, विंचवाच्या आकाराचे कुलूप, कोरीव दरवाजे, वाद्ये, पैठणची चित्रकथी चित्रे असा हा संसार वाढत गेला. सुपारी कातरण्यासाठी साधे दोन पाते पुरले असते. तरीही कुणा अनाम कारागिराने त्यावर मोर बसवला. पाय घासण्याच्या वस्तूलाही त्याने नक्षीविना सोडले नाही. नित्याच्या उपयोगातही सौंदर्य हवे, असे मानणारा एक समाज येथे नांदत होता, याचा पुरावा बखरींत फारसा सापडत नाही. तो या वस्तूंत सापडतो. या कारागिरांपैकी बहुतेकांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. केळकरांनी जपले ते त्यांचे काम.

या संग्रहामागे एक खोल जखमही होती. केळकर दांपत्याचा राजा हा मुलगा लहानपणीच गेला. पुढे आपल्या संग्रहाला केळकरांनी त्याचेच नाव दिले. पत्नी कमलाबाईंनी या कामात त्यांना मनापासून साथ दिली. एका मुलाच्या नावाने हजारो परक्या घरांतील वस्तू एका छताखाली आल्या, आणि ज्या घरात मूल वाढायचे त्या घरात एक संग्रहालय वाढले. दुःखाला असे रूप देणे सर्वांना साधत नाही.

वस्तूंसाठी केळकर देशभर हिंडले. गुजरात, राजस्थान, दक्षिण भारत येथूनही त्यांनी नमुने आणले. पुण्याजवळच्या कोथरूड येथे बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष आणून त्यांनी त्याची संग्रहालयात पुन्हा उभारणी केली. संग्रह वीस हजारांच्या घरात पोहोचला. एवढ्या वस्तू एकाच वेळी मांडणे शक्य नसल्याने त्यांतील थोडाच भाग प्रेक्षकांसमोर असतो.

१९७५ मध्ये केळकरांनी हा संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. जुन्या वस्तूंच्या हौशी माणसाच्या चरित्रात हा क्षण सर्वांत अवघड असतो. जुनी मोटार, ग्रामोफोन, लोलकाचे घड्याळ बाळगणाऱ्याला त्या वस्तूइतकाच तिच्या मालकीचा आनंद असतो. गाडी रस्त्यावर काढली की लोक वळून पाहतात, आणि त्या पाहण्यात मालकही न्हाऊन निघतो. हा आनंद निर्मळ असला, तरी तो मालकाबरोबरच संपतो. वारसांना त्या वस्तूची ओढ नसेल, तर ती पुन्हा बाजारात जाते. केळकरांनी हे वेळीच ओळखले असावे. ज्या वस्तू एकेका घरातून त्यांनी वाचवल्या होत्या, त्या आपल्याही घरात अडकून पडू नयेत, याची तजवीज त्यांनी हयातीतच केली. पुण्याच्या बाजीराव रस्त्यालगत नातूबागेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्या निर्णयाचे फळ होय. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, काकासाहेबांनी जगाचा निरोप घेतला.

काचेच्या कपाटातील समई पेटत नाही आणि अडकित्ता सुपारी कातरत नाही, अशी खंत संग्रहालयात फिरताना कुणालाही वाटावी. ती अनाठायी नाही. वापरातून सुटलेल्या वस्तूचे अर्धे आयुष्य संपलेलेच असते. परंतु या वस्तूंपुढे दुसरा पर्याय बहुतेकदा भट्टीचाच होता. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आणले. पण घरातून निघून मोडीच्या दुकानात जाणारी समई थांबवणे कायद्याच्या आवाक्यातले नाही. तेथे घरातल्याच कुणाला तरी थांबावे लागते.

हुपरीच्या मुशी उद्याही पेटतील. त्यांवर हजारो घरांची चूल अवलंबून आहे. प्रत्येक जुना तोडा जपावा, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. केळकरांनीही सर्व काही वाचवले नाही. ते कुणालाच शक्य नव्हते. त्यांनी प्रत्येक प्रकारचा निदान एखादा नमुना तरी मागे राहावा, एवढे पाहिले. वजनकाट्यावर टाकण्यापूर्वी दागिना क्षणभर हातात घ्यावा, त्याची घडण निरखावी, आणि अशी दुसरी घडण गावात उरली नसेल तर तो एक बाजूला ठेवावा, एवढे आजही कुणालाही जमण्यासारखे आहे.