बाबासाहेबांनी न पाठवलेला अहवाल

डिसेंबर १९४२. नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते. त्याच महिन्यात कॅनडात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निबंध लिहिला. स्वराज्यात अस्पृश्यांच्या हक्कांची हमी काय, हा त्यातला सवाल होता.

१९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. तिथे बोलतं ते सरकार, आपली वस्ती नव्हे, ही अडचण तेव्हाही होतीच. तरी त्यांनी अनुसूचित जातींच्या स्थितीवर अहवाल तयार केला. पाठवला मात्र नाही; आधी घटना समितीला आणि संसदेला संधी द्यावी, असं त्यांना वाटलं.

ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना त्यांनी हे उघड सांगितलं. स्थिती पूर्वीसारखीच आहे, हेही.